तिसऱ्या ओळीची सही

समुद्रपूर
२६ जानेवारी २०२५

ताईले साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नको, सगळे खुशाल आहेत. फोन काऊन नाई केला विचारशील, तं तू फोनवर "काय? काय म्हणतो?" करत राह्यते, मंग मी ओरडतो अन् दुकानातले गिऱ्हाईक फुकटात ऐकतात. कानाचं मशीन कपाटातच ठेवलं ना अजून? मोबाईलवर लिहून टाकावं तं अच्युत भाऊजी चष्मा लावून साऱ्या घराले वाचून दाखवतात. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाकजो.

ताई, माह्यं डोकं पार भणभणून गेलं आहे. तुले माहीतच आहे, दोन वर्षांपूर्वी स्वरदाले कराटेच्या क्लासले टाकलं तव्हा मी फक्त तिले सोडायले जात होतो. समाजभवनाच्या हॉलात बाकड्यावर बसून खर्रा घोटत राहायचो. एक दिवस आकांक्षा मॅडम म्हणे, "काका, बसून तंबाखू खाण्यापेक्षा रांगेत उभे राहा." मॅडम म्हणजे पोट्टीच आहे वो, अठ्ठावीस वर्षांची, पण नजर अशी की माणूस नाई म्हणूच शकत नाई. उभा राह्यलो. अन् पाह्य, वजन अकरा किलो कमी, बीपी जाग्यावर. आता ग्रीन बेल्ट आहे मले. चव्वेचाळिसाव्या वर्षी! बारा-चौदा वर्षांच्या पोट्ट्यांच्या रांगेत मी एकटा टकल्या, पण सकाळी साडेपाचले सगळ्यांत पहिले मीच.

आता १३ एप्रिलले वर्ध्याले ब्राऊन बेल्टची परीक्षा आहे. मॅडमचा नियम असा की परीक्षेच्या आधी नव्वद दिवस 'घरची वही' लिहायची. रोज तीन ओळी. एक, पहाटे उठलो का? दोन, वाईट सवयीपासून लांब राह्यलो का? तीन, घरच्यांसाठी वेळ दिला का? पुढं होय-नाई लिहायचं अन् खाली घरच्या मोठ्या माणसाची सही. नव्वद दिवस भरले नाई तं परीक्षेले बसता येत नाई. लहान असो का मोठा.

१३ तारखेपासून वही सुरू झाली अन् रीतानं, बायको असून, पहिल्याच दिवशी पेन खाली ठेवला. म्हणे, "मी खोटी सही करत नाई." काय खोटं आहे विचारलं, तं गॅसजवळ जाऊन पोळ्या लाटत बसली. पहाटे तं मी साडेचारले उठतो, सगळ्या घराले उठवतो. खर्रा सोडला. घरी वेळ देतो, परवापरवापर्यंत रोज संध्याकाळी स्वरदाकडून घरच्या हॉलमध्ये अर्धा तास प्रॅक्टिस करून घेत होतो. अजून काय पाह्यजे?

त्यात स्वरदाचं वेगळंच. १० तारखेले तिच्या शाळेत गॅदरिंग होतं. तिनं स्टेजवर काता करून दाखवला, म्हणजे ती हातापायाची ठरलेली मालिका असते ना, ते. पोट्टी मधातच अडकली. एकदम थांबली. मी क्लासवरून तसाच पांढऱ्या ड्रेसमध्ये गेलतो, पहिल्या रांगेतून उठून ओरडलो, "स्वरदा, डावा पाय मागं! कंबर खाली!" मंग तिनं पुढचं केलं. काय टाळ्या पडल्या! हेडमास्तरांनी मले स्टेजवर बोलावलं, मी पण दोन किक मारून दाखवल्या. दुसऱ्या दिवसापासून पोट्टीचा गुडघा दुखून राह्यला. क्लास बंद. डॉक्टर म्हणते काहीच नाई, ती म्हणते दुखते.

ताई, तूच सांग मी काय करू. आईची तब्येत ठीक आहे, तपकीर चालू आहे.

तुहा भाऊ
भूपेंद्र

*

सेलू
३ फेब्रुवारी

चि. भूपेंद्रास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. फाडले नाही, ट्रंकेत ठेवले आहे. तेहतीस वर्षे पोरांच्या वह्या तपासल्या, लिहिलेला कागद माझ्याने फाडवत नाही. मशीन कपाटातच आहे. ते लावले की पंख्याचा, भांड्यांचा आणि तुझ्या भाऊजींच्या घोरण्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही.

आता माझ्या डोक्यात आले ते स्पष्ट लिहिते, रागावू नको. अठ्ठावीस वर्षांची मॅडम, आणि तू भल्या पहाटे उठून तिच्या क्लासला सगळ्यांच्या आधी हजर. वजन कमी, केसांना काळा रंग (आहेत तितक्या केसांना, हे मला आईनेच दिवाळीत सांगितले). रीताने पेन खाली ठेवला त्यात नवल ते काय? बायको तोंडाने बोलत नाही, सहीने बोलते. तू सरळ तिला त्या मॅडमच्या घरी घेऊन जा, चहा प्या, ओळख होऊ दे.

तोवर सहीचे अडले असेल तर घरात मोठे माणूस आहेच की. आईची सही घे. तिला लिहिता येते, चौथी पास आहे ती. आईने केलेली सही कोणी खोटी म्हणणार नाही.

स्वरदाच्या गुडघ्याला तिळाचे तेल कोमट करून लाव. वाढते वय आहे, हाडे दुखतात.

तुझी
शरयूताई

*

समुद्रपूर
२३ फेब्रुवारी

ताई,

काहीतरीच काय लिहिते वो! मॅडम मले काका म्हणते. चूक झाली की पूर्ण रांगेसमोर वीस उठाबशा काढायले लावते. तुह्या पत्रानं मी दोन दिवस मॅडमच्या डोळ्याले डोळा देऊ शकलो नाई, अन् तिनं विचारलं, "काका, चक्कर येते का?"

पण आईच्या सहीचा उपाय एकदम फिट बसला. दर रविवारी मी गिरडवरून आलो (रविवारी आम्ही सगळे गिरडच्या टेकडीवर धावायले जातो, वर दर्ग्यापर्यंत अन् खाली, चार वेळा) की वही आईच्या पुढ्यात ठेवतो. तिनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत, "देवका" लिहिलं की मी तिले तपकिरीची डबी आणून देतो. सात सह्या, एक डबी. होय-नाई मी आधीच लिहून ठेवतो. रीता पाह्यते अन् उठून जाते.

ताई, तुले एक सांगतो. आता हे पत्र तरी फाडजो. खर्रा पूर्ण सुटला नाई. दुपारी तीनच्या सुमारास, दुकानात कोणी नसलं की गोडाऊनमागं जाऊन एक लहानसा. म्हणजे एका पन्नीतला अर्धाच. मंग चूळ भरतो अन् वरून बडीशेप. कोनाले पत्ता नाई. पण वहीत मात्र रोज "होय"च लिहितो. त्यामुळंच रीता सही करत नसन का? पण तिले समजलं कसं?

अन् आता दुसरंच एक समोर आलं. दर मंगळवारी अन् शुक्रवारी रीता संध्याकाळी साडेपाचले घरून निघते, सात वाजता येते. भजनी मंडळात जाते म्हणे. काल मनकर्णाबाई युरियाचं विचारायले दुकानात आली. ती मंडळाची पेटीवाली. मी सहज म्हटलं, रीताचा आवाज कसा लागते? तं ती माह्याकडं पाह्यतच राह्यली. म्हणे, "रीता तं संक्रांतीपासून आलीच नाई भाऊ."

ताई, मले विचारायची हिंमत नाई होऊन राह्यली. मी लाथ मारून फरशी फोडू शकतो, पण बायकोले "कुठी जातेस" विचारू शकत नाई. अन् विचारलं अन् तिनं उलट विचारलं, तुम्ही तीन वाजता गोडाऊनमागं कुठी जाता, मंग? स्वरदाले विचाराव तं ती पण त्याच वेळी गणिताच्या शिकवणीले गेलेली असते. घरात राह्यते कोण, आई. आई म्हणते, "जाऊ दे नं, तिले पण हवा पाह्यजे."

काय समजू मी?

भूपेंद्र

*

समुद्रपूर
११ मार्च

आदरणीय शरयूताईंना रीताचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही आडवळणानं न विचारता सरळ विचारलंत, "मंगळवारी आणि शुक्रवारी कुठे जातेस?" बरं वाटलं. या घरात कोणी सरळ काही विचारतच नाही. म्हणून मीही सरळ लिहिते. फक्त ह्यांना आत्ताच सांगू नका.

स्वरदाचा गुडघा दुखत नाही. कधीच दुखला नव्हता.

गॅदरिंगचं ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगतात. ताई, ती अडकली नव्हती. त्या कातामध्ये तिथे थांबायचंच असतं. श्वास घ्यायचा, समोर बघायचं आणि मगच पुढचा वार. महिनाभर ती तेवढं थांबणंच आरशासमोर करत होती. "आई, सगळे घाई करतात, मी नाही करणार," म्हणायची. आणि नेमकं ती थांबली अन् हे उठून ओरडले. पोरं हसली. टाळ्या ह्यांना पडल्या. घरी येऊन पोरगी न जेवता झोपली. सकाळी म्हणाली, "आई, कराटे माझं होतं ना?" मग म्हणाली गुडघा दुखतो, आणि मी म्हटलं बरं, दुखतो.

पण तिला ते सोडायचंही नव्हतं. दोन दिवस नुसती हातपाय हलवत बसून राहिली. शेवटी मी तिला घेऊन आकांक्षा मॅडमच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, मंगळवारी अन् शुक्रवारी संध्याकाळी माझ्या अंगणात येत जा, तिलाही १३ एप्रिलच्या परीक्षेला बसवू. मी म्हटलं, मॅडम, ह्यांना सांगू नका. तर म्हणाल्या, "मी सांगणार नाही, पण काकांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." ताई, दोन महिने झाले, रोज भेटतात त्या मॅडमना, पण पोरगी का येत नाही हे ह्यांनी एकदाही विचारलं नाही. स्वतःची किक किती वर गेली तेवढं विचारतात.

खर्ऱ्याचं मला माहीत आहे. ज्या माणसानं लग्नापासून कधी बडीशेप खाल्ली नाही त्याच्या तोंडाला रोज बडीशेपेचा वास! त्याचं मला फार वाटत नाही, आज ना उद्या सुटेल. मी सही करत नाही ती तिसऱ्या ओळीपायी. "घरच्यांसाठी वेळ दिला का? होय." कोणाला दिला? पहाटे अलार्म लावून सगळ्यांना उठवणं, माझ्या स्वयंपाकघरात उकडलेली मटकी मोजून घेणं, रविवारी गिरड, गॅदरिंगच्या आधीपर्यंत रोज संध्याकाळी पोरीला "अजून खाली, अजून खाली" करणं, हा वेळ घरच्यांसाठी कसा झाला?

आणि तरी ताई, मलाही समजत नाही. पूर्वी हे दुकानातून आले की टीव्हीसमोर आडवे व्हायचे, जरा काही झालं की ओरडायचे. आता ओरडत नाहीत. तब्येत सुधारली. तेव्हा घरात असून नव्हते, आता... आताही तेच लिहिणार होते मी. माणूस सुधारला की बिघडला, सांगा. आणि नवऱ्याशी खोटं बोलून पोरीला शिकवायला नेते ती मी, मी तरी बरोबर करते आहे का? सही नाकारणारी मीच सर्वांत मोठी खोटारडी झाले आहे.

आईंच्या सहीचा सल्ला कोणी दिला, ते मला ठाऊक नाही. पण ज्यानं दिला त्यानं बरं केलं नाही.

होळीला पुरणपोळ्या करणार आहे. मटकी नाही.

आपली
रीता

*

सेलू
१९ मार्च

चि. भूपेंद्र,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा ठेवून दिले. तुला पाठवण्यासारखे झाले नाही.

रीताबद्दल जे काही तुझ्या मनात आले असेल ते आत्ताच्या आत्ता काढून टाक. तिच्या मागे मागे फिरू नको, मनकर्णाबाईला काही विचारू नको. मला जे माहीत आहे ते मी तुला सांगणार नाही, कारण मी शब्द दिला आहे. बस.

माझा सल्ला चुकला. आईच्या सह्या घेणे बंद कर. मॅडमबद्दल लिहिले तेही चुकले. मी ऐकते कमी आणि बोलते जास्त, हे तुझे भाऊजी म्हणतात ते खरे असावे.

एकच काम कर. ती वही उघड आणि तिसरी ओळ वाच. खर्ऱ्याची ओळ सोड, तिसरी. आणि गॅदरिंगला स्वरदा कुठे अडकली होती, हे कोणाला तरी विचार. तिला नको. दुसऱ्या कोणाला, ज्याला कळते.

तुझी
शरयूताई

*

समुद्रपूर
३ एप्रिल

ताई,

तुह्या पत्रानं मी अजूनच गोंधळून गेलतो. एक तं तू काहीतरी लपवून राह्यली, वरून म्हणते विचारू नको, अन् विचार पण. रात्री झोप लागेना. तिसरी ओळ दहादा वाचली. घरच्यांसाठी वेळ दिला का? दिला ना! असंच वाटत होतं मले, खरं सांगतो.

मंग सोमवारी वही उघडली. मी रोजचं पान उघडतो, पुढं कधी पाह्यलंच नव्हतं. सहज चाळलं तं काय, आईनं पार १२ एप्रिलपर्यंत सह्या करून ठेवलेल्या! न उगवलेल्या दिवसांच्या! "देवका, देवका, देवका." म्हटलं, "हे काय करून ठेवलं वं माय?" तं म्हणे, "मी ऐंशीच्या घरात आहो बापू. तुह्या परीक्षेपर्यंत राह्यली नाई तं तुहं अडन ना? म्हणून काल एकदाच बसून करून टाकल्या. तपकिरीची डबी पण आधीच देऊन ठेव."

ताई, मी हसलो, अन् मंग मागची पानं उलटून माहे "होय" पाह्यले. सांग बरं, आईनं जे केलं तेच मी नाई का करून राह्यलो? दिवस जायच्या आधीच मी "होय" लिहून ठेवत होतो.

मंगळवारी दुपारी ठरवलं, मॅडमच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकाव. पण सांगायले धीर पाह्यजे होता. म्हणून संध्याकाळी निघतानी गोडाऊनमागं जाऊन खर्रा तोंडात टाकला, अर्धा नाई, पूर्ण. तोच बार तोंडात ठेवून निघालो. मॅडमच्या घराले मागून वाट आहे, कुंपणाशी सीताफळाचं झाड. तिथून पाह्यतो तं ओट्यावर रीता बसलेली. मांडीवर स्वरदाची पाण्याची बाटली. अन् अंगणात पांढऱ्या ड्रेसमध्ये आपली पोट्टी.

माह्या डोळ्यांसमोर एकदम सगळं फिरलं. गुडघा, शिकवणी, भजनी मंडळ. स्वरदानं तोच काता सुरू केला, गॅदरिंगचा. अन् तिथंच येऊन पुन्हा थांबली. एकदम. माह्या तोंडातून निघालंच होतं, "डावा पाय मागं!", पण तोंड तं भरलेलं! ओरडाव तं सगळं बाहेर, थुंकाव तं मॅडमचं अंगण. मी ओठ दाबून उभा राह्यलो. मॅडम चूप, रीता चूप. पोट्टीनं श्वास घेतला, समोर पाह्यलं, अन् मंग असा वार केला ताई, असा केला, की वरचे पाखरं उडाले. कंबर खाली होती. माह्या सांगण्याशिवाय खाली होती. तिथं थांबायचंच असते हो. मले दोन वर्षांत हे समजलं नाई. मी त्या जागी नेहमी घाईनं पुढं जातो, मॅडम ओरडते, तरी जातो.

मी तो रस पूर्ण गिळला. परत येतानी दुकानामागं इतकी उलटी झाली की भिंत धरून बसलो. कोनी पाह्यलं नाई.

आता घरी सगळे जेवायले बसतात अन् मी पाह्यतो, दोघीही खोटं बोलून राह्यल्या, मी पण बोलून राह्यलो, अन् वरण-भात मस्त चालू आहे. रीताले सांगू का की मी पाह्यलं? सांगितलं तं पोट्टीचं अंगण पण जाईन. नाई सांगितलं तं मी पुन्हा खोटा. दहा दिवस राह्यले. वहीत सह्या पूर्ण आहेत. काही न बोलता परीक्षेले बसलो तं कोणी विचारणार नाई.

काय करू? लवकर लिहिजो.

भूपेंद्र

*

सेलू
७ एप्रिल

चि. भूपेंद्र,

मला माहीत नाही.

फेब्रुवारीत मी काय कर ते सांगितले आणि आईने नव्वद सह्या केल्या. आता काही सांगायची भीती वाटते. तुझे पत्र वाचून रडू आले आणि उलटीचे वाचून हसूही आले. काय समजायचे ते समज.

काल कपाटातून मशीन काढून लावले. तुझे भाऊजी गेली तीन वर्षे रोज सकाळी मला "चहा घेतेस का?" असे विचारतात, हे मला नव्याने कळले. मी समजत होते, ते न विचारताच ठेवून जातात.

शरयूताई

*

समुद्रपूर
१५ एप्रिल

ताईले नमस्कार.

आधी निकाल सांगतो. स्वरदाले ब्राऊन बेल्ट मिळाला. मले नाई. मी बसलोच नाई.

तुहं पत्र आलं त्या दिवशी मी नवीन वही आणली अन् नव्वद दिवस पुन्हा लिहायले बसलो. पहिल्या ओळीपुढं सगळीकडं होय, ते खरं होतं. दुसऱ्या ओळीपुढं नाई, नाई, नाई. त्या अंगणाच्या मंगळवारनंतर मात्र होय. त्या उलटीनंतर खर्ऱ्याचा वास आला तरी मळमळते, त्यात माह्यं कर्तृत्व काही नाई. तिसऱ्या ओळीले लय वेळ लागला. एकेक दिवस आठवत गेलो. गिरड. नाई. संध्याकाळी माही प्रॅक्टिस. नाई. फक्त होळीले होय लिहिलं. त्या दिवशी क्लास बंद होता अन् आम्ही चौघं दुपारपर्यंत पोळ्या खात, आईच्या जुन्या गोष्टी ऐकत बसलतो, आठवते.

शुक्रवारी ती वही रीताच्या समोर ठेवली. ती कणीक मळत होती. तिनं हात पुसले, उभ्यानंच वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. होळीच्या पानावर थांबली, म्हणे, "हो, त्या दिवशी होते तुम्ही." मंग पेन मागितला अन् खाली सही केली. म्हणे, "ही खरी आहे म्हणून करते." मी म्हटलं, "याच्यानं मले परीक्षेले बसता नाई येत." म्हणे, "माहीत आहे." अन् पुन्हा कणकेत हात घातला, पण डोळे पुसायले लागले तिले, पीठ लागलं सगळं तोंडाले. मी तिच्या मंगळवारचं काही विचारलं नाई. मॅडमनं वही पाह्यली अन् म्हणे, "काका, जूनमध्ये पुन्हा सुरू करा." उठाबशा नाई दिल्या. दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

शनिवारी संध्याकाळी मी ओसरीत बसलो होतो. स्वरदा येऊन बाजूले बसली. मले वाटलं, काहीतरी म्हणाव, तोंड उघडलं अन् मिटलं. या खेपेस तोंडात काही नव्हतं. मंग तीच म्हणे, "बाबा, माझा गुडघा दुखत नाही."

म्हटलं, "कव्हापासून?"

"कधीच नव्हता दुखत."

मंग तिनं सगळं सांगितलं, अन् तिथं थांबायचं असते हे पण सांगितलं. म्हणे, "तुम्ही ओरडलात तेव्हा मला वाटलं, जमीन फाटून मी आत जावं." ताई, मी माफी मागितली. मले नीट जमली नाई, मधातच "पण टाळ्या..." असं काहीतरी निघून गेलं तोंडातून, अन् ती चिडून उठून गेली. मंग परत आली. म्हणे, "तुम्ही उद्या या. पण बाकड्यावर बसा." मी अंगणात पाह्यलं होतं, ते तिले सांगाव का नाई समजेना. सांगितलं. ती म्हणे, "खर्रा होता तोंडात?" अन् इतकी हसली की आई आतून विचारायले लागली, काय झालं.

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही तिघं वर्ध्याले निघालो. माह्या अंगात साधा शर्ट, कसंतरीच वाटत होतं. जाम गाव सोडलं तव्हा स्वरदानं बॅगमधून तिची घरची वही काढली अन् माह्या हातात दिली. पोट्ट्यांची पण वही असते ना, तेच तीन प्रश्न. मी चाळली. दर मंगळवारी अन् दर शुक्रवारी दुसऱ्या ओळीपुढं तिनं लिहिलेलं, "नाही. बाबांशी खोटं बोलले." खाली रीताची सही. पानोपानी तेच. रीता खिडकीबाहेर पाहून राह्यली होती. शेवटचं पान, १२ एप्रिल. दुसऱ्या ओळीपुढं, "होय. बाबांना खरं सांगितलं." खालची जागा कोरी.

"आई म्हणाली, ही सही तुमची," स्वरदा म्हणे.

मी पेन काढला. एस.टी. हादरत होती. सही अशी वाकडीतिकडी झाली की माहीच मले ओळखू येईना.

स्वरदानं वाकून पाह्यलं. म्हणे, "आजीसारखी झाली."

म्हटलं, "होऊ दे. पण एकाच दिवसाची आहे."

भूपेंद्र